वादीच्या कडेचा दगड

वसईचा ज्युलियस परेरा बावीस वर्षं ओमानात गाडी चालवतोय, आणि एकदाही त्याच्या गाडीचं चाक वाहत्या पाण्यात गेलेलं नाही. हे मी छाती ठोकून सांगतो. मस्कतजवळ सीबला मुलाकडे राहायला आल्यापासून त्याच्या व्हॅनमध्ये पुढे बसून मी निम्मा ओमान पाहिलाय, त्यामुळे हा माणूस मला चांगला ठाऊक.

मागच्या जानेवारीतली गोष्ट. खाबुऱ्याच्या आतल्या अंगाला एका वर्कशॉपात आपल्या चिपळूणचा रमण मेकॅनिक आहे. त्याला संध्याकाळच्या विमानाला पोचवायचं होतं. दुसऱ्या दिवशी त्याचा साखरपुडा! पोरगा दुपारीच कडक इस्त्रीचा शर्ट घालून तयार.

हायवेला लागण्याआधी एक वादी आडवी येते. वादी म्हणजे इथली नदी, एरवी नुसते गोटे. त्या दिवशी रस्त्यावरून घोटाभर पाणी वाहत होतं. डोक्यावर लख्ख ऊन, पण लांबचे डोंगर काळेकुट्ट.

ज्युलियसनं गाडी मागे उंचावर थांबवली, उतरला आणि पाण्याच्या कडेला नारळाएवढा दगड ठेवून आला.

"हे काय, पूजा मांडलीत?" रमण म्हणाला. "काढा गाडी, काका! आमच्या मोरीच्या पुलावरून गुडघाभर पाण्यातून एसटी जाते."

"तुझी नदी पावसाळ्यात सांगून येते, बाबा. ही न सांगता येते. दहा मिनिटं दगड कोरडा राहिला तर जाऊ."

"विमान जाईल!"

"विमान रोज असतं."

"साखरपुडा रोज नसतो!"

"म्हणून तर नवरदेव कोरडा पोचवायचाय."

मला हसू आवरेना. तेवढ्यात दगड निम्मा बुडला. मग दिसेनासाच झाला. आणि पाचव्या मिनिटाला असा गडगडाट झाला म्हणता! गढूळ पाण्याचा लोंढा अख्खं काटेरी झाड उचलून आमच्या डोळ्यांसमोरून गेला. रमणनं आपणहून सीट बेल्ट सोडला.

पाणी ओसरायला चार तास लागले. ज्युलियसच्या बायकोनं, थेरेसानं, दिलेली सुक्या बोंबलाची चटणी आणि खुबूस, म्हणजे इथली रोटी, आम्ही तिघांनी वाटून खाल्लं. विमान गेलं. आता होणाऱ्या बायकोला, रेवाला, सांगायचं कसं? रमणनं शेवटी पाण्याचा व्हिडिओच पाठवला. लगेच तिचा फोन.

"स्पीकरवर टाक. काका, यानं घाई केली असणार ना?"

"केली थोडी."

"वाटलंच. साखरपुडा परवा करू, घरच्यांना मी बघते. आणि काका, लग्नाला वरातीची गाडी तुम्हीच चालवायची!"

"मालकानं, आमच्या अर्बाबनं, रजा दिली तर. इन्शाल्ला."

रजा मिळाली. मे महिन्यात चिपळुणात नवरा-नवरी मागे, बँड पुढे, आणि ज्युलियस दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून मुंगीच्या चालीनं. मी गाडीमागून नाचत निघालो, तरी थोड्याच वेळात त्याच्या पुढे गेलो.