गाळायचं फडकं

माझं माहेर माणचं, सासर ताम्हिणीच्या अंगाला. माहेरी विहीर होती. सासरी पावसाळ्यात ओढ्याचं पाणी, तेही चहाच्या रंगाचं. हंड्याच्या तोंडाला जुन्या लुगड्याचं फडकं बांधून ते गाळायचं, ही तिथली रीत. न गाळता पाणी भरणारी सून म्हणजे आळशी.

ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट. लेक आठ महिन्यांची होती. पेज सुरू केली आणि तिला हगवण लागली. गावात फेरीला येणाऱ्या नर्सबाईंनी बजावलं, पाणी उकळून घ्या. मी उकळू लागले. ओली लाकडं, घरभर धूर. निवलं की राखबिख नको म्हणून सवयीनं पुन्हा गाळून घेई. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणे, त्या चुलीपाशी बसून टोमणे मारत, "आता पान्याचा बी भात करतीया!" मीही हट्टाला पेटले. तरी लेक सुधारेना. उचलली की हलकी लागे.

पुढच्या फेरीला नर्सबाई घरी आल्या आणि माझ्यावरच उखडल्या, "तुम्ही पाणी उकळतच नाही!"

माझं डोकंच फिरलं. मी तोंड उघडणार तोच आत्याबाई कडाडल्या, "उकळतीया ती! रोज बघतीया मी. उकळून वर गाळतीया बी."

"कशातून?"

आत्याबाईंनी मोठ्या तोऱ्यात खुंटीवरचं फडकं काढून दाखवलं. ओलं, बुळबुळीत, कडेला हिरवट. ओढ्याचं पाणी गाळायचं तेच. दाखवतादाखवता त्यांचा हात थांबला.

"अगं बया," त्या हळूच म्हणाल्या, "ह्याला कुणी उकळलंय?"

मला रडूच कोसळलं. एवढा धूर गिळला आणि उकळलेलं पाणी मीच पुन्हा नासवत होते.

नर्सबाई गेल्यावर आत्याबाईंनी पेटीतलं आपलं ठेवणीतलं लुगडं काढलं, टर्रकन फाडलं आणि तुकडा उकळत्या पाण्यात सोडला.

"माजी दोन अशीच गेली," त्या चुलीकडे बघत म्हणाल्या. "तवा कुणी सांगितलं न्हाई. हिला न्हाई जाऊ द्यायची."

महिनाभरात लेकीनं बाळसं धरलं. आत्याबाईंनी भिंतीत दुसरी खुंटी ठोकली. रोज सकाळी त्या आधी नवं फडकं उकळत, मग स्वतःच्या चहाचं आधण ठेवत. लेकीचा हात खुंट्यांना पोचू लागला, तेव्हा त्यांनीच तिला दाखवलं, "ह्ये ओढ्याचं. आन् ह्ये तुजं."