कॅमेरा सोडून सगळं

फोटो न काढता माणूस फोटोग्राफर कसा होतो हे शिकवणारे गुरू जगात एकच असावेत, आणि ते बाळापूरला राहत होते. आम्ही त्यांना चाचा म्हणत असू. बसस्टँडमागच्या गल्लीत त्यांचा स्टुडिओ होता आणि स्टुडिओत त्यांच्या वडिलांच्या वेळचा, सागवानी पेटीचा, पितळी भिंगाचा भलामोठा कॅमेरा होता. वहीच्या पानाएवढी एकेक फिल्म त्यात घालायची, डोक्यावरून कापड ओढायचं, मागच्या घासलेल्या काचेवर उलटं दिसणारं जग न्याहाळायचं, आणि मग श्वास धरून एक फोटो. मी अमरावतीच्या एका शाळेत चित्रकला शिकवत होतो. एका लग्नाला बाळापूरला गेलो, तो कॅमेरा पाहिला आणि माझं डोकं फिरलं. असा कॅमेरा आपल्याकडेही हवा, असं मनानं घेतलं. "काय काय घ्या लागन, चाचा?" एवढंच मी विचारलं होतं. त्याचं उत्तर दोन वर्षं चाललं.

"कॅमेरा सोडून सगळं," चाचा म्हणाले. "कॅमेरा म्हंजे काय, एक खोकं. ते कोणीबी घेते. तू आधी कापड घे. बाहेरून पांढरं, आतून काळं. सगळं काळं घेशीन तं अकोल्याच्या उन्हात फोटोच्या आधी तूच डेव्हलप होशीन." मी कापड शिवून नेलं. त्यांनी ते डोक्यावर घेतलं, आत पाच मिनिटं बसले आणि बाहेर येऊन म्हणाले, "शिंपी बदल. चांदण्या दिसून राह्यल्या."

कापडानंतर स्टँड. स्टँडच्या बाबतीत चाचा कोणाचीच गय करत नसत. अकोल्याच्या एका कॉलेजकुमारानं मोठ्या हौसेनं परदेशी बनावटीचा, चकाकता स्टँड आणला होता. चाचांनी तो अंगणात उभा करायला लावला, त्याला पाण्यानं भरलेली बादली टांगली आणि दोघं चहा प्यायला गेले. परत आले तेव्हा बादलीतलं पाणी अजून हिंदकळत होतं. "पाह्य," चाचा म्हणाले, "याच्यावर फोटो काढशीन तं दुल्हा-दुल्हन दोघंबी डुलतीन." मग माझ्यासाठी त्यांनी परतवाड्याच्या एका सुताराचा पत्ता दिला. त्यानं सागाचा असा स्टँड करून दिला की तो न्यायला मला शेजाऱ्याला हाताशी घ्यावं लागे. भिंगाबद्दल त्यांचं म्हणणं एका वाक्याचं होतं. "दुसरं भिंग घेतलं का माणूस फोटो काढत नाई, भिंगं बदलवत राह्यते." आणि कॅमेरा पेलवेल का, हे कळावं म्हणून ते प्रत्येक नवशिक्याच्या खांद्यावर तुरीच्या डाळीचं पोतं देऊन त्याला किल्ल्याच्या दरवाज्यापर्यंत पाठवत. अमरावतीचे एक दातांचे डॉक्टर त्या दरवाज्यापासून परस्पर बसस्टँडवर गेले. पुढे ते हार्मोनियम शिकल्याचं कळलं.

मी मात्र टिकलो. चाचा सांगत गेले, मी घेत गेलो. काचेवरचा फोकस तपासायला सोनाराकडचं बारीक भिंग झालं, फिल्म धुवायचे तीन ट्रे झाले, लाल बल्ब झाला, एक्स-रेची फिल्म कापून वापरायची तर कात्री कोणत्या हातात धरायची, याचाही धडा झाला. "आता कॅमेरा चालवून दाखवता का?" असं विचारलं की चाचा दाराकडे पाहत म्हणत, "घाई काहून करतं, मास्तर? तुयापाशी बसाले स्टूल कुठं हाय?"

ती वर्षं हसण्याची नव्हती, दुष्काळाची होती. चाचांच्या दुकानात नवा फोटो काढून घ्यायला येणारं माणूस विरळा, आणि जुना मोठा करून घ्यायला येणारं आठवड्याला ठरलेलं. कोणी ओळखपत्र घेऊन येई, कोणी लग्नाच्या घोळक्यातला नखाएवढा चेहरा बोटानं दाखवी. "याचा एवढा मोठा करून द्या. हार घालाचा हाय." अशा वेळी चाचा आम्हाला बाहेर बसवत आणि स्वतः त्या माणसांपाशी बसून राहत. काम अकोल्याला कॉम्प्युटरवर होऊन येई, पण ऐकायचं काम चाचांचं. एकदा एका बाईकडे नवऱ्याचा एकही फोटो नव्हता. तिनं दिराचा आणला. "चेहरा सेमच हाय," ती म्हणाली, "मिशी तेवढी काढून टाका." चाचांनी तो फोटो करून दिला. त्या दिवशी त्यांनी मला काहीच घ्यायला सांगितलं नाही.

दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात त्यांचा शाळेत फोन आला. "शेंदूरजनाघाटाले जाचं हाय. तुया स्टँड घेऊन वरुडाले थांब."

तिथं त्यांचे एक जुने गिऱ्हाईक होते, दादाजी. दादाजींच्या वडिलांचा संत्र्याच्या बागेतला फोटो चाचांच्या वडिलांनी याच कॅमेऱ्यानं काढला होता. पुढे दर वर्षी झाडं फळांनी वाकली की चाचा तिथं जाऊन दादाजींचा एक फोटो काढत. आता विहीर आटली होती, बोअर कोरडी गेली होती. टँकरनं पाणी घालून दोन उन्हाळे काढले, तिसरा निघाला नाही. सोमवारी झाडं तोडायला माणसं येणार होती. त्याआधी एक फोटो हवा होता.

चाचा मांडीवर कॅमेरा घेऊन एसटीनं आले. कंडक्टरनं टपावर ठेवायला सांगितल्यावर "मंग मीबी टपावरच बसतो" म्हणाले होते म्हणे.

बागेत एकही पान नव्हतं. राखाडी फांद्यांची रांगच्या रांग. दादाजी धुतलेलं धोतर आणि टोपी घालून एका झाडापाशी उभे राहिले, शेजारी त्यांची बायको. चाचा कापडाखाली गेले आणि बराच वेळ बाहेरच येईनात. दादाजींच्या कानशिलावरून घाम ओघळत होता. शेवटी चाचांनी कापडातून हात काढून मला आत ओढलं.

काचेवर नुसतं धुकं होतं. झाडं नाहीत, माणसं नाहीत.

"चाचा, फोकस नाई झाला," मी हळूच म्हणालो.

"मले माहीत हाय. काचबिंदू हाय, मास्तर. दोन साल झाले, काचेवरचं काईच दिसत नाई. डॉक्टर म्हणे, गेलं ते येत नाई."

दोन वर्षं ते मला कापड, स्टँड, ट्रे, स्टूल आणायला का पिटाळत होते, ते त्या कापडाखाली कळलं. माझं सामान पुरं झालं असतं तर त्यांना कॅमेरा चालवून दाखवावा लागला असता.

"तू लाव," ते म्हणाले.

"मले येत नाई, चाचा."

"त्याचा चेहरा दिसते का?"

मी पितळी चाक फिरवत गेलो. धुक्यातून आधी फांद्या आल्या, मग टोपी, मग दादाजींचं तोंड. उलटं, पण सुईसारखं स्पष्ट. "दिसते," मी म्हणालो.

"मंग काई येवाले नाई पायजे."

तीन फिल्म होत्या. पहिलीच्या वेळी मी फिल्मवरची झडप उघडायलाच विसरलो. दुसरीला स्टँडला पाय लागला. तिसरीला चाचांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी भिंगाचं झाकण काढलं, त्यांनी "एक, दोन" मोजलं, मी झाकण लावलं. दुसऱ्या दिवशी बाळापूरच्या बंद खोलीत फिल्म त्यांनीच धुतल्या. तिथं डोळ्यांचं काम नव्हतं, बोटांना सगळं पाठ होतं. तिसरी तेवढी निघाली.

पंधरा दिवसांनी आम्ही फोटो द्यायला गेलो. बागेच्या जागी बुंधे होते आणि बांधावर लाकडाचा ढीग. दादाजींनी फोटो उन्हात धरून पाहिला. "झाडं चांगली आली," ते म्हणाले, "मीच वाळलेला दिसून राह्यलो." फोटो बाजेवर ठेवून ते बाहेर निघून गेले. त्यांच्या बायकोनं तो पातळात गुंडाळला आणि पेटीत तळाशी ठेवला. भिंतीवर बाकी सगळ्या वर्षांचे फोटो होते, त्यांच्या शेजारी एक खिळाही रिकामा होता. तो तिनं तसाच राहू दिला.

परतीच्या एसटीत चाचांनी माझ्या पिशवीवर हात ठेवला. मग म्हणाले, "तुयापाशी एक कॉपी हाय ना? सांग, कसा आला."

मी प्रत काढून सांगायला लागलो. डावीकडे किती झाडं, सावली कुठं, दादाजींचा हात कुठं. चाचा मान हलवत होते. वडीलकीच्या आवाजात मध्येच म्हणाले, "आकाश फार नको ठेवत जाऊ." आणि मग, "वैनीचे डोळे उघडे हायेत ना? पाहून सांग."

मी पाहिलं. इतक्या दिवसांत माझ्या लक्षात आलं नव्हतं. दादाजींच्या बायकोनं डोळे मिटून घेतले होते. चुकून पापणी लवली असं नव्हतं ते. दोन्ही सेकंद घट्ट मिटलेले होते.

"उघडे हायेत, चाचा," मी म्हणालो.

"मंग चांगला आला," ते म्हणाले, आणि खिडकीला डोकं टेकवून त्यांनीही डोळे मिटले.