आडोसा धरणाऱ्या बायका

आमच्या घरात आकडीला आकडी म्हणायची सोय नव्हती. माझ्या धाकट्या बहिणीला ‘चक्कर’ यायची. शाळेत चक्कर, चुलतभावाच्या हळदीत चक्कर, सायखेड्याला मावशीकडे गेलो तर नदीच्या घाटावर चक्कर. अकराव्या वर्षी सुरू झालं ते आजतागायत. ती पडत आली आणि आम्ही सगळ्या तिला झाकत आलो.

झाकायची आमची पद्धत ठरलेली होती. ती पडली की आई तिला कुशीवर वळवायची, डोक्याखाली काहीतरी सारायची आणि लगेच घरातल्या बायका तिच्याभोवती कडं करायच्या. प्रत्येकीने पदर पसरायचा, तोंड बाहेर, पाठ तिच्याकडे. लोकांना काही दिसता कामा नये. मी तिच्याहून चार वर्षांनी मोठी, तेव्हा पंधराव्या वर्षापासून ओढणी ताणून त्या कड्यात उभी. कोणी डोकावलं तर असे डोळे वटारायचे की पुन्हा त्याची छाती व्हायची नाही. या कामात माझा हात धरणारं कोणी नाही, अशी माझी समजूत होती. बहिणीवर माया करायची ती अशीच, असंही वाटायचं.

कोरोना आला तेव्हा मी, आई आणि ती, तिघी नाशिकमध्ये माझ्या दोन खोल्यांत राहत होतो. मी शाळेत शिकवते, ती घरी शिवणकाम करते. दर तीन महिन्यांनी मी तिला मेंदूच्या डॉक्टरांकडे न्यायचे. टाळेबंदी लागली आणि त्यांची ओपीडी बंद पडली. ते अख्खं हॉस्पिटलच कोरोनाच्या पेशंटसाठी घेतलं होतं. दुसरीकडे कुठे न्यावं, तर सगळीकडे एकच उत्तर: फार तातडीचं असेल तरच या. आता तातडीचं कशाला म्हणायचं? आधी दोन-तीन महिन्यांतून एकदा येणारी आकडी आता आठवड्यातून दोनदा यायला लागली. गोळी एकही चुकत नव्हती. जीभ चावली जायची, समोरच्या दाताचा टवका उडाला, कपाळावर खोक पडली ती मीच हळद दाबून बांधली. एखादी आकडी थांबलीच नाही तर, या भीतीने माझा जीव टांगणीला लागला होता.

बऱ्याच खटपटीनंतर डॉक्टर फोनवर भेटले. त्यांनी विचारलं, “सुरुवात कशी होते? आधी कोणता हात हलतो? मान कुठल्या बाजूला वळते?”

वर्गात पन्नास पोरांना प्रश्न विचारून भंडावणारी मी, माझी बोबडी वळली. फोनवर हात ठेवून मी आईला विचारलं.

“आता ते कोन बघत बसलंय?” आई म्हणाली. “आपन आडोसा धरायचा का हात बघायचे?”

डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, “इथे आणता आलं असतं तर तपासण्या केल्या असत्या. पण सध्या आणू नका, मशीनची खोलीच बंद आहे. पुढची फीट आली की मोबाईलवर व्हिडिओ काढा. न बघता औषध बदलणं म्हणजे अंधारात दगड मारणं.”

आईने घर डोक्यावर घेतलं. “पोरीचं तसलं रूप मोबाईलात? उद्या भावकीच्या ग्रुपवर गेलं म्हंजे? लग्न व्हायचंय तिचं. मी नाय काढू देनार.” मीही ओरडले. आमचं दोघींचं असं जुंपलेलं असताना शिलाई मशीनवर बसलेली बहीण सुईत दोरा ओवता ओवता म्हणाली, “काढा. पडते मी, नि भांडताय तुम्ही.”

तिसऱ्या दिवशी सकाळी ती डाळ निवडताना पडली. मी मोबाईल उचलला, धावले, बटण दाबलं. आणि माझ्या समोर आई. एकोणीस वर्षांची सवय, तिचा पदर आपोआप पसरला. सव्वा मिनिटाच्या त्या व्हिडिओत आईचा लालबुंद चेहरा, हिरवा पदर आणि “बास कर गं, बास कर” एवढंच होतं. घाईघाईत मी तो न पाहताच पाठवला. तासाभराने डॉक्टरांचा मेसेज आला: “यात पेशंट कोणत्या?”

आज हसू येतं. त्या दिवशी मी आईला नको नको ते बोलले. अडाणी म्हणाले, तुझ्यामुळे ती मरेल असंही म्हणाले. ते शब्द मला परत घेता आलेले नाहीत.

पुढच्या वेळी आई दूध आणायला रांगेत होती. बहीण चटईवर बसून बटणं लावत होती. तिचा हात थांबला. मी मोबाईल धरला आणि ध्यानात आलं की माझी मान दुसरीकडे वळलीय. आईला अडाणी म्हणणारी मी, मोबाईल तिच्याकडे धरून स्वतः भिंतीकडे बघत होते. फार लाज वाटली. मग मान वळवली आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा नीट पाहिलं. आधी डाव्या हाताची बोटं कुर्त्याचं टोक चिवडायला लागली. ओठ सुपारी चघळल्यासारखे हलले. डोळे उघडे होते. मग मान सावकाश डावीकडे वळली आणि त्यानंतर सगळं अंग ताठ झालं. एका हाताने मी तिच्या डोक्याखाली उशी सारली, दुसऱ्या हाताने व्हिडिओ चालू ठेवला आणि रडत राहिले.

डॉक्टरांचा फोन त्याच दुपारी आला. आकडी मेंदूच्या एका भागातून सुरू होतेय, आजवरचं औषध दुसऱ्या प्रकारच्या आकडीचं होतं, ते हळूहळू कमी करून नवीन सुरू करू, असं त्यांनी समजावलं. “हे आधीच कळलं असतं...” एवढं म्हणून ते नव्या गोळ्यांच्या वेळा सांगायला लागले. ते अर्धं वाक्य मला अजून टोचतं. नव्या औषधाने आकड्या विरळ झाल्या. पूर्ण थांबल्या नाहीत, पण महिना कोरडा जायला लागला.

कोणी म्हणेल, बघा, कोरोनाने भलंच केलं. मी तसं म्हणणार नाही. त्या चार महिन्यांत तिने जेवढा मार खाल्ला तेवढा आधीच्या पाच वर्षांत खाल्ला नव्हता. हॉस्पिटलचं दार उघडं असतं तर तिचा तो दात शाबूत असता. पण दार उघडं होतं तेव्हा आम्ही तिथे जाऊन काय सांगत होतो, हाही प्रश्न आहेच, आणि तो मी कोरोनावर ढकलू शकत नाही.

थोड्या दिवसांनी बहीण म्हणाली, “ताई, मला दाखव तो व्हिडिओ.”

“डिलीट केला,” मी म्हटलं.

“थापा मारू नको. तुला कुठं येतं डिलीट करता?”

तिने तो तीनदा पाहिला. आई शेजारी लसूण सोलत होती, तिचे हात थांबले. बहीण म्हणाली, “एवढंच होतं होय? मला वाटायचं, माझं तोंड राक्षसासारखं होत असेल. म्हणूनच तुम्ही सगळ्या पाठ करून उभ्या राहता.”

“अगं, लोकांनी बघू नये म्हणून...”

“लोकांचं ठीक आहे गं. तुम्ही तरी बघायचं.”

आई उठून मोरीत गेली आणि नळ सोडून बराच वेळ तिथेच थांबली.

निर्बंध सैल झाल्यावर ओपीडी आठवड्यातून दोन दिवस उघडली. फाटकावर वॉचमनने आम्हाला अडवलं. “फक्त पेशंट आत. नातेवाईक बाहेर.” मी त्याच्याशी हुज्जत घातली. इतकी वर्षं मीच डॉक्टरांशी बोलते, तिला आकडीतलं काही आठवत नसतं, माझ्याशिवाय सांगणार कोण, असं बरंच काही ऐकवलं. बहिणीने मास्क वर ओढला आणि माझ्या काखेतली फाईल काढून घेतली.

“सोडा काका,” ती वॉचमनला म्हणाली. “मला येतं सांगता.”

“अगं, एकटी कशी जाशील?” मी तिचा दंड धरला. “आत पडलीस म्हणजे?”

तिने माझी बोटं एकेक करून सोडवली. “पडले तर पडले, ताई. डॉक्टर समोरच आहेत की. बघतील.”

आणि ती आत गेली.