थायरॉईडचा तोच आकडा

वाशीमच्या लॅबमधले चाचा सुई टोचताना हमखास विचारतात, "आज भाजी कायची केली?" उत्तर देईपर्यंत रक्त घेऊन झालेलं असतं.

माझ्या रिपोर्टात थायरॉईड थोडं मंदावलेलं निघालं. मी विचारलं, "चाचा, आता गोळी चालू करा लागते काय?"

"ते डॉक्टरले इचारा. माहा आकडा पाच सालापासून एवढाच हाये. मले म्हन्तेत, गोळी नोको, तपासत राहा."

मलाही डॉक्टरांनी तेच सांगितलं. तीन महिन्यांनी मी पुन्हा लॅबमध्ये गेले, तर चाचा सुनेचा रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जायला उठलेले. आकडा आमच्याएवढाच होता.

"मंग तिचीच घाई काहून?"

"तिले दिवस गेले हायेत. तिचं थांबून नाई चालत."

बाकावर बसलेल्या चौघांना हात जोडून ते निघाले. इतक्या भरभर चालताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.