घडीचा पाळणा, चटई आणि केलेरा

आमच्या हॉटेलात कोणी तान्हं बाळ घेऊन आलं, की ते बाळ कुठे झोपणार हे एकतीस वर्षं एकाच बाईनं ठरवलं. आईबापांना वाटायचं, आपणच ठरवलं. खोल्या आवरणारी केलेरा आत जायची, बाळाशी दोन शब्द बोलायची, आणि तेवढ्या वेळात पाळणा लागलेला असायचा. पडद्याच्या दोरीपासून लांब, एसीच्या झोताबाहेर आणि आईच्या पलंगापासून हातभर अंतरावर. कोणी म्हणालं, "आम्ही दोघांच्या मध्ये घेऊन झोपू," तर ती म्हणायची, "झोपा ना, पण आधी याला पाळण्यात ठेवा, मग तुम्ही दोघं झोपा." उशांची तटबंदी करणारे यायचे, कपाटाचा खण काढून त्यात दुलई पसरणारे यायचे. ऑकलंडच्या एका बापानं तर उघड्या सुटकेसमध्ये बाळाचा बिछाना घातला होता. केलेरानं त्याला विचारलं, "परत जाताना कपडे कशातून नेणार मग?"

तो पाळणा उचलून नेण्याचं काम माझं. मी अपेनिसा. आमच्या बेटावर, सिगातोका गावाच्या पुढच्या या किनाऱ्यावर पाहुण्यांचं सामान वाहता वाहता माझे गुडघे गेले, पण तोंड शाबूत आहे. केलेरा माझी मामेबहीण. आमच्यात सख्ख्या आणि चुलत बहिणीशी मान खाली घालून बोलायचं असतं, पण मामेबहिणीची टर उडवली नाही तर तीच विचारते, तुला बरं नाही का म्हणून. ती तिशीची होती तेव्हापासून मी तिला म्हातारी म्हणतोय, आणि ती मला मेल्या म्हणते. आमच्या दोघांचं छान चाललंय.

आता पाळण्याचं सांगतो, कारण माझी फजिती त्यातूनच झाली. आमचे पाळणे घडीचे, कापडाचे. उघडताना आधी चारही बाजू वर ओढायच्या, प्रत्येक बाजूचा खटका बसला की मग मधला तळ खाली दाबायचा. आधी तळ दाबलात की संपलं. बाजू लोंबकळत राहतात आणि नव्या माणसाला वाटतं, पाळणा मोडला. केलेरानं किती पोरी या कामात तयार केल्या, आणि प्रत्येकीला पहिल्या दिवशी हेच शिकवलं.

ऑगस्टमध्ये ती निवृत्त झाली. मालकांनी तिला समुद्राकडच्या दोन खोल्या दिल्या, शेजारशेजारच्या, दोन रात्रींसाठी, घरच्यांना घेऊन राहायला. पाहुणी म्हणून. ज्या चादरी तिनं जन्मभर ताणल्या त्यांच्यावर आता तिनं झोपायचं. तिचा मुलगा माइका ब्रिस्बेनला असतो, तिथल्याच ब्रायनी नावाच्या मुलीशी त्यानं लग्न केलंय. त्यांचा मुलगा आठ महिन्यांचा झाला तरी केलेरानं त्याला फक्त फोनच्या काचेवर पाहिलं होतं. माइकाला रजा मिळाली ती तीन दिवसांची. शुक्रवारी दुपारी यायचं आणि रविवारी सकाळचं विमान.

बाळाचं नाव इनोके. केलेराच्या नवऱ्याचं नाव. तो बिचारा सहा वर्षांपूर्वी गेला. आमच्याकडे ज्याचं नाव मिळतं त्याचा मानही मिळतो, त्यामुळे केलेरा फोनवर सुद्धा नातवाशी "अहो" करूनच बोलायची. "अहो, दूध प्यायलात का? आणि रडताय कशाला एवढे?" आम्ही सगळे चादरींच्या खोलीत पोट धरून हसायचो.

ते यायच्या आदल्या दिवशी मात्र ती त्या खोलीत आली तेव्हा तिच्या काखेत चटई होती. पहिल्या नातवाची चटई. गावातल्या बायकांनी चार महिने बसून विणलेली, कडेला लाल-हिरव्या लोकरीच्या झालरी. मी म्हटलं, "म्हातारे, एवढ्या थाटाच्या चटईवर बसणार कोण?"

"तो झोपणार," ती म्हणाली. "माझ्या शेजारी. रात्री तो आईजवळच राहणार, ते मला कळतं. पण दुपार माझी असू दे. दोनच दुपारी आहेत, अपेनिसा. पुन्हा कधी येतील कोणास ठाऊक. एकदा तरी माझ्या कुशीत झोपू दे त्याला."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. माइका होता. ब्रायनीनं निरोप दिला होता की बाळ पाळण्यातच झोपतं, पाठीवर, पाळण्यात दुसरं काही नको, आणि कुणीही त्याला कुशीत घेऊन झोपायचं नाही. तिथल्या नर्सनं बजावलंय. केलेरा म्हणाली, "बरोबर सांगितलंय तिनं." फोन ठेवला आणि एकच टॉवेल सहा वेळा घडी घातला.

मला राग आला. कोणावर, ते सांगता येईना. नर्सवर, ब्रायनीवर, आणि केलेरावर सुद्धा, कारण "बरोबर आहे" म्हणायची काय घाई होती? मी मनाशी ठरवलं, उद्या पाळणा मोडणार.

शुक्रवारी दोन वाजता ते उतरले. केलेरा फुलांचा झगा घालून, केसांत जास्वंद खोचून दारात उभी. ब्रायनी पांढरीफटक पडलेली, डोळ्यांखाली काळं, खांद्यावर तीन पिशव्या. माइकाच्या कडेवर यजमान.

"या हो इनोके," केलेरा म्हणाली. "फार दिवसांनी आठवण झाली घराची."

यजमानांनी तिच्याकडे पाहिलं, जास्वंदीकडे पाहिलं, आणि जे भोकाड पसरलं ते थेट खोलीपर्यंत. केलेरा हसत हसत मागून चालत होती. पण मी सामान घेऊन शेजारीच होतो, मला दिसलं, तिचं हसू तोंडाच्या वर पोचत नव्हतं.

बाळाच्या झोपेची वेळ झाली होती. मी पाळणा आणला. पोरींनी प्रेमापोटी त्याच्यासोबत फोमची आणखी एक जाड गादी पाठवली होती, दोन उशा, टॉवेलचा हंस आणि चाफ्याचा हार. केलेराच्या नातवासाठी म्हणून. मी सगळं पलंगावर टाकलं, पाळणा उघडला आणि सरळ आधी तळ दाबला. बाजू लोंबल्या. मी एक ओढली, ती पडली. दुसरी ओढली, तीही पडली. कपाळावरचा घामही पुसला, नाटकात काही कमी नको म्हणून.

"मोडलाय हो ताई," मी ब्रायनीला म्हटलं. "आणि बाकीचे सगळे पाळणे दिलेत. आज हॉटेलात पोरंच पोरं आहेत."

ब्रायनीचा चेहरा आणखी उतरला. "मग आता?"

"आता काय, केलेराकडे छान चटई आहे. आम्ही सगळे चटईवरच वाढलो. मी सुद्धा."

"त्याचा फायदा झालेला दिसत नाही," माइका म्हणाला.

ब्रायनी काही तरी बोलणार होती. बहुतेक हो म्हणणार होती, इतकी ती दमली होती. तेवढ्यात केलेरा पुढे आली. तिनं पाळण्याच्या तळाचा पट्टा धरून वर खेचला, बाजू ओढल्या, खट, खट, खट, खट, तळ दाबला, आणि पाळणा उभा. मोजून दहा सेकंद.

"मोडलाय कुठे?" ती म्हणाली. "तू आधी तळ दाबलास, मेल्या. इतकी वर्षं काय करत होतास इथे?"

आणि मग तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. तिला कळलं. मी का केलं तेही कळलं, आणि आपण आत्ता काय घालवलं तेही. तिचा हात पाळण्याच्या काठावर तसाच राहिला. मला वाटलं, आता काही तरी कारण काढेल. म्हणेल, खटका सैल आहे, कापड विरलंय. काढायला किती वेळ लागतो? पण तिनं पाळण्यातल्याच गादीच्या कडेला अंगठा खुपसून फट पाहिली, तळहात दाबून गादी घट्ट आहे का पाहिलं. पोरींची फोमची गादी, उशा, हंस आणि हार उचलून माझ्या हातात दिले. पाळणा पडद्याच्या दोरीपासून लांब सरकवला आणि म्हणाली, "चांगला आहे. ठेव गं त्याला यात."

ब्रायनीनं ठेवलं. इनोके उठून बसला आणि ओरडायला लागला. पुन्हा आडवा केला, पुन्हा बसला. वीस मिनिटं हाच खेळ. माइका म्हणाला, "प्रवासामुळे असेल." ब्रायनी पलंगाच्या कडेवर बसली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आवाज न करता, बाळाकडे बघत. मी जायला हवं होतं. पण सामान वाहणारा माणूस खोलीतल्या कपाटासारखा असतो, त्याच्याकडे कोणाचं लक्ष नसतं, म्हणून मी उभा राहिलो.

"तुम्ही तो पाळणा का लावलात?" ब्रायनीनं एकदम विचारलं. "तुम्हाला तर त्याला चटईवर घ्यायचं होतं ना? माइका म्हणाला होता, गावानं चटई विणलीय. मी विमानात बसल्यापासून भांडणाची तयारी करत होते. काय बोलायचं ते सगळं पाठ केलं होतं."

केलेरानं वाकून इनोकेला पुन्हा आडवं केलं.

"तिला घ्यायचंच होतं," मी म्हटलं. कपाटाला तोंड फुटलं. "पाळणा मी मोडला होता. म्हणजे मोडला नव्हता, मोडल्यासारखं केलं होतं. तिनं गप्प बसायचं होतं फक्त. तेवढंही जमलं नाही तिला."

"अपेनिसा, बाहेर हो," केलेरा म्हणाली.

"थांबा," ब्रायनी म्हणाली. ती सासूकडे बघत राहिली. "तुम्ही गप्प बसला असतात तर मी दिलं असतं त्याला. मला उभं राहवत नाही."

"पाळणा ठीक होता," केलेरा म्हणाली. "ठीक असलेल्याला मोडका कसा म्हणू? उद्या दुसऱ्या कुणाच्या बाळाच्या पाळण्याबद्दलही म्हणेन."

ब्रायनी उठली. तिनं इनोकेला उचललं आणि केलेराच्या हातात दिलं. मला वाटतं, आठ महिन्यांत तिनं ते पोर असं कोणाला दिलं नसेल, कारण माइकाचं तोंड उघडंच राहिलं. "पाळणा यांच्या खोलीत न्या," ती मला म्हणाली. "आई, झोपवताना घ्या त्याला चटईवर. कुशीत घ्या, हवं तितका वेळ घ्या. पण तुम्ही जाग्या असाल तोपर्यंतच. तुम्हाला झोप आली तर तो पाळण्यात. चालेल?"

"मला कुठली दुपारची झोप," केलेरा म्हणाली. "एकतीस वर्षं दुपारी तीनला मी तेरावी खोली झाडत होते."

मी पाळणा पलीकडे नेला आणि उघडला. या वेळी बाजू आधी. केलेरानं पाळण्याजवळ चटई अंथरली, खाली बसली, इनोकेला हातावर आडवा घेतला आणि बोलायला लागली. "अहो, ओळखलंत का मला? नाही ओळखलं. बरोबर आहे, म्हातारी झाले मी. तुम्ही मात्र छान तुकतुकीत झालात." तो तिच्या केसांतल्या जास्वंदीकडे टक लावून बघत होता. मग त्यानं ती उपटली आणि तोंडात घातली. केलेरानं ती त्याच्या तोंडातून काढून घेईपर्यंत तो रडायचं विसरला होता.

मी दार लोटून घेतलं. शेजारच्या खोलीत ब्रायनी बूट न काढताच पलंगावर पडलेली, गाढ. माइका पोहायला गेला होता. मी हंस, उशा आणि ती जाड गादी पोरींकडे परत नेली आणि त्यांच्या शिव्या खाल्ल्या.

चारला मी चहा घेऊन गेलो, लिंबाची पानं घातलेला, तिला आवडतो तसा. दार हळूच ढकललं. इनोके पाळण्यात होता, पाठीवर, हात डोक्याच्या वर टाकून, झोपलेला. केलेरा चटईवर एकटी बसली होती, पाय पसरून, मांडीवर रिकामे हात.

"काय झालं?" मी कुजबुजलो. "तुझ्याजवळ झोपलाच नाही?"

"झोपला की. अर्धा तास झोपला होता इथे." तिनं दंडाची आतली बाजू दाखवली. तिथे घामाचा ओला डाग होता. "आत्ताच ठेवला."

"ठेवलास कशाला मग? ती झोपलीय, तो पाण्यात आहे. कोण बघत होतं?"

"कोणी नाही. माझाच डोळा लागत होता."

"तुझा? दुपारी?"

"हो ना," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "इतकं बरं वाटत होतं रे, की डोळे आपोआप मिटायला लागले. उघडे राहीचनात. म्हणून उठले आणि ठेवला."

मी चहा तिच्याजवळ ठेवला. तिनं कप उचलला नाही. पाळण्याच्या जाळीतून ती त्याच्याकडे बघत होती.

"उद्याची दुपार आहे अजून," ती म्हणाली. "आज रात्री मी लवकर झोपणार आहे."