अर्धा विरघळलेला थेंब

आमच्या मांजरीचं वजन वाढलं त्या दिवशी मी खरंच खूश झालो होतो. कितीतरी दिवस ती नीट खात नव्हती. ताटलीतला बांगडा हुंगायची, आमच्याकडे असं बघायची जणू आम्हीच तिला फसवतोय, आणि खुर्चीखाली जाऊन बसायची. बदलापुरातल्या घराजवळच्या डॉक्टरांनी पोट बिघडलंय म्हणून जंताचं औषध आणि एक इंजेक्शन दिलं होतं. मी रोज तिला कापडी पिशवीत घालून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवायचो. काटा वर सरकलेला दिसला तसा मी ओरडलोच, "बघ, औषध लागू पडलं!"

बायको भाकरी थापत होती. पिठाचे हात पुसून तिनं मांजरीला उचललं, पोटाखाली तळहात धरला. "अहो, पाठीचं हाड न् हाड हाताला लागतंय. वजन कसलं वाढतंय? हे पाणी आहे."

मी हात लावून बघितलं. शेकायच्या रबरी पिशवीत पाणी डुचमळावं तसं आत डुचमळत होतं. अंग तापलेलं होतं. मी चिडलो. कुणावर ते कळत नव्हतं, म्हणून काट्यावर चिडलो.

मी अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका केमिकल कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला आहे. आयुष्यभर एकच काम केलं, माल बरोबर आहे की नाही ते सांगायचं. पास नाहीतर फेल. मध्ये 'होल्ड' असतं, म्हणजे निर्णय व्हायचा बाकी, पण होल्डचं पिवळं लेबल लागलेला ड्रम मला बघवत नाही. प्रॉडक्शनची माणसं लॅबच्या दारात उभी राहून लाडीगोडी लावतात, "साहेब, जवळजवळ बरोबर आहे ना?" मी त्यांना हाकलून देतो. जवळजवळ हा शब्द माझ्या लॅबमध्ये चालत नाही. बायको म्हणते घरातही चालत नाही, भाजीत मीठ जवळजवळ बरोबर असलं की माझं तोंड वाकडं होतं. असेल. जित्याची खोड.

मांजर मात्र माझ्या परवानगीनं आलेली नव्हती. सोसायटीच्या पार्किंगमध्ये माझ्या स्कूटरच्या सीटवर ती झोपायची, नख्या मारून सीट फाडायची. मी तिला रोज शुक् शुक् करायचो. एका पावसाळ्यात बायकोनं तिला वर आणलं आणि "दोन दिवस" म्हणाली. मुलगी लग्न होऊन पुण्याला गेल्यावर घर फार गप्प झालं होतं, त्यामुळे ते दोन दिवस मीही कधी मोजले नाहीत. आता संध्याकाळी मी घरी आलो की ती दाराशी येते, माझे बूट हुंगते, शिंकते आणि परत जाते. एवढंच. पण ते झालं नाही की मला घरी आल्यासारखं वाटत नाही.

डॉक्टर बदलायचं ठरलं. उल्हासनगरला, कापडाच्या दुकानांच्या मागच्या गल्लीत एक तरुण डॉक्टरीणबाई आहेत, त्या मांजरांचं चांगलं बघतात असं कळलं. रिक्षात पिशवी मांडीवर धरून मी बसलो. प्रत्येक खड्ड्याला मी ड्रायव्हरला बोलायचो आणि तो शांतपणे सांगायचा, "साहेब, खड्डा मी नाही पाडला." बायको हसली. मला तेव्हा तिचा रागच आला.

बाईंनी सोनोग्राफी केली, रक्त घेतलं, पोटातलं थोडं पाणी सुईनं काढलं. पिवळंधमक, चिकट. रिपोर्ट आल्यावर त्यांनी आम्हाला समोर बसवलं. "तीन शक्यता आहेत," त्या म्हणाल्या. "मांजरांना होणारा एक विषाणूचा आजार असतो, त्यात असं पाणी होतं. त्याच्यावर आता औषध आहे. रोज गोळी, जवळजवळ तीन महिने. दुसरं म्हणजे पोटात गाठ, कॅन्सर. त्यात फार काही करता येणार नाही, हाल मात्र होतील. तिसरं, लिव्हर."

"यातलं कुठलं?"

"नक्की नाही सांगता येणार."

"रक्ताच्या रिपोर्टमध्ये काय आहे?"

"तीनही बाजूंनी बोलतोय रिपोर्ट."

माझ्या हाताखालच्या माणसानं असा रिपोर्ट आणला असता तर मी तो फाडला असता. मी त्यांना तसं सांगितलंसुद्धा, जरा सौम्य शब्दांत, पण फार सौम्य नाही. बाई रागावल्या नाहीत. "मलाही आवडत नाही असं बोलायला," एवढंच म्हणाल्या. घोडं कुठे पेंड खातंय तेच कुणाला कळत नव्हतं, आणि ठरवायचं मात्र आम्हाला होतं. विषाणू असेल तर औषध आजच सुरू करायला हवं. गाठ असेल तर रोज तिचं तोंड उघडून गोळ्या कोंबणं म्हणजे मरणाऱ्या जिवाचा छळ, त्यापेक्षा एक सुई देऊन शांतपणे जाऊ द्यावं.

त्या दिवसांत मी एका जागी बसलो नाही. जेवताना उठून खुर्चीखाली बघायचो. तिचा श्वास भरभर चालायचा, तो मोजायचो, मग आपण नीट मोजला नाही असं वाटून पुन्हा मोजायचो. फोनवर परदेशातल्या मांजरवाल्यांचं सगळं वाचून काढलं. सकाळी वाचलं की विषाणूच वाटायचा, दुपारी वाचलं की गाठ, आणि मग ती सुई देऊन टाका म्हणून बाईंना फोन करायला मी हातात फोन घ्यायचो. मुलगी पुण्याहून विचारायची, "बाबा, काय म्हणाले डॉक्टर?" आणि मी तिच्यावरच खेकसायचो. लोकांना तर पर्वणीच होती. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी दृष्ट काढायला सांगितली. ज्या प्राण्याला आडवं गेलेलं बघून या काकू परत घरात शिरतात, त्याला कुणाची दृष्ट लागणार! बदलापूर गावातून टोपली घेऊन येणारी मावशी, जी हिच्यासाठी माशांची डोकी बाजूला ठेवते, तिनं गेटवरच निदान केलं, "सुक्या बोंबलाचा पानी पाज तिला. कनाला ता डाक्टर नि फाक्टर?" बायकोनं बोंबलाचं पाणी केलं. मांजरीनं दोनदा जीभ लावली, आणि आम्ही दोघं अर्धा तास त्या दोनदा लावलेल्या जिभेबद्दल बोलत होतो.

पुन्हा दवाखान्यात गेलो तेव्हा बाई म्हणाल्या, "एक जुनी, साधी चाचणी आहे. डिस्टिल्ड वॉटरमध्ये ॲसेटिक ॲसिडचा थेंब टाकायचा आणि त्यात हे पोटातलं पाणी एक थेंब सोडायचं. थेंब पसरून विरघळला तर बहुतेक विषाणू नाही. तसाच्या तसा राहिला, तर असू शकतो. पण माझ्याकडचं ॲसिड संपलंय."

मी त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा हसलो. "बाई, ॲसिड माझ्याकडे ड्रमनं आहे."

पोटातल्या पाण्याची छोटी बाटली डब्याच्या पिशवीत घालून मी कारखान्यात नेली. लॅबच्या फ्रिजमध्ये, मालाच्या नमुन्यांच्या मागे ठेवली. जेवणाच्या सुट्टीत सगळे कॅन्टीनला गेल्यावर दार लावलं. हात स्थिर होते. टेस्टट्यूब, पाणी, ॲसिड, ढवळलं. मग ड्रॉपरनं तो पिवळा थेंब सोडला. थेंब साबुदाण्यासारखा गोल राहिला आणि सावकाश खाली उतरू लागला. म्हणजे विषाणू! म्हणजे औषध! आणि अर्ध्या वाटेत त्या थेंबाची एक कड सुटली, धुरासारखी पसरली. अर्धा थेंब तळाला, अर्धा गायब.

मी दुसरी ट्यूब घेतली. थेंब सगळाच पसरला. तिसरी घेतली. तो राहिला, मला वाटतं राहिला. मी चष्मा पुसला. चौथ्या ट्यूबसाठी हात पुढे केला आणि तिथेच थांबलो. पास होईपर्यंत टेस्ट करत बसणं हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात मोठं पाप. या कारणावरून मी माणसांना रडेपर्यंत बोललेलो आहे. "तुला उत्तर आधीच ठरवायचं असेल तर टेस्ट कशाला करतोस?" हे माझं ठरलेलं वाक्य. पण मी चौथी ट्यूब घेतलीच. बाटलीतलं पाणी संपेपर्यंत घेतल्या. शेवटी काउंटरवर ट्यूब्सची रांग होती, काहींत थेंब होता, काहींत नव्हता, आणि मला काहीही कळलेलं नव्हतं.

घरी येऊन हे बायकोला सांगितलं. ॲसिड जुनं असेल, पाणी फार थंड असेल, उद्या पुन्हा नमुना काढू, असं बोलतच राहिलो. ती मांजरीच्या तोंडाशी चमचा धरून बसली होती. तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. "तुम्हाला रिपोर्ट हवाय की मांजर?"

मला राग आला, आणि मग रडू आलं. वयाला शोभेल असं नाही, चार वर्षांच्या पोरासारखं. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना फोन केला आणि औषध सुरू करा म्हणालो. "चार-पाच दिवसांत ताप उतरला, खायला लागली, तर तोच आजार समजायचा," त्या म्हणाल्या. "नाही उतरला तर तो नव्हता." माल गिऱ्हाइकाला पाजायचा, जगलं तर माल चांगला! तरी संध्याकाळी जाऊन गोळ्या घेऊन आलो.

गोळी देणं म्हणजे कुस्ती होती. बायको तिला जुन्या टॉवेलात गुंडाळायची, मी जबडा उघडून तुपात घोळलेली गोळी आत टाकायचो, आणि ती गोळी आमच्यापैकी कुणाच्या तरी अंगावर परत यायची. माझे हात ओरबाडून निघाले. कारखान्यात विचारलं, "साहेब, वहिनींशी भांडण?" मी म्हटलं, "हो." समजावत कोण बसणार?

मग एका सकाळी ओट्यावरून भांडं पडल्याचा आवाज आला. सुकट निवडून ठेवली होती, ती चोरून खाताना मांजरबाई सापडल्या. बायको तिला रागावायला गेली आणि मध्येच पदर तोंडाला लावून खाली बसली. मी भिंतीला टेकून नुसता बघत राहिलो. ती खात होती. सुकट सांडत, मान वाकडी करून, हावरटासारखी खात होती. इतका आनंद मला मुलीच्या बारावीच्या निकालालाही झाला नव्हता, आणि हे मी मुलीला सांगितलेलं आहे.

ताप उतरला, पोट उतरलं. ती पुन्हा माझ्या बुटांवर शिंकायला लागली. गोळ्यांचा कोर्स संपला. पण मला चैन कुठली! दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो, मी तिचं रोज पोट चाचपतो. ती थोडी जास्त झोपली तरी माझा जीव टांगणीला लागतो. बाईंना विचारलं, "मग विषाणूच होता ना?" त्या म्हणाल्या, "असावा. सोबत अँटिबायोटिकही दिलं होतं आपण. आणि आजार पुन्हा उलटूही शकतो, अजून काही महिने लक्ष ठेवा." असावा! म्हणजे ती कशातून वाचली हेसुद्धा मला कळणार नाही.

हे ऐकून मी बाहेर आलो, पिशवी बाकावर ठेवून पावतीची वाट बघत बसलो. शेजारी एक तरुण सिंधी बाई बसल्या होत्या. ओढणीत गुंडाळलेला पिवळा बोका मांडीवर. त्याचं पोट मी लांबूनच ओळखलं.

"अंकल, तुमच्या बिल्लीला पण पेटमध्ये पानी झालं होतं ना? मॅडम बोलल्या." त्यांचे डोळे सुजलेले होते. "मला बोलतात, तीन चीज असू शकते, नक्की नाही. घरचे बोलतात, सुई देऊन टाक, कशाला त्याला तकलीफ. आज सांगायचं आहे मला." त्यांनी माझ्या पिशवीतून बाहेर आलेल्या डोक्याकडे बघितलं. "ही ठीक झाली ना. मग हा पण होईल ना? पक्का?"

खरं उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. माहीत नाही, आमच्या मांजरीचंही माहीत नाही, औषध देऊन बघा. एवढंच म्हणायचं होतं. एवढं म्हटलं असतं तरी त्यांनी कदाचित औषध दिलंच असतं. पण हेच वाक्य त्यांनी आत्ताच आतून ऐकलं होतं, आणि ते ऐकल्यावर माणसाचं काय होतं ते मला ठाऊक होतं. आणि ती सुई मला आठवली, जिला मी जवळजवळ होकार देऊन बसलो होतो.

"पक्का," मी म्हणालो.

त्यांनी बोक्याच्या कपाळावर कपाळ टेकवलं आणि उठून आत गेल्या. दार लोटलेलं होतं. "मॅडम, दवा चालू करा," असा आवाज बाहेर ऐकू आला.

पुढच्या तपासणीची तारीख उलटून गेली आहे. बायको रोज आठवण करते, आणि मी रोज काहीतरी कारण काढतो, पाऊस, रिक्षा, शिफ्ट. मांजर छान आहे, जेवते आहे. मला तिची काळजी वाटत नाही असं नाही, पण त्या दवाखान्याच्या गल्लीत त्या सिंधी बाई समोर आल्या आणि त्यांच्याजवळ बोका नसला, तर मी त्यांच्याकडे कसं बघू, ते मला समजत नाही.