शेवटच्या वळणावर आपलीच माणसं

नायक मल्लिनाथवर अन्याय झाला. गुरुवारी, सकाळी आठ पंचवीस ते नऊ. शत्रूनं नाही केला. सोलापूरकरांनी केला. म्हणून सोलापूरकरांसाठीच लिहितोय.

मी तेव्हा फौजेत अ‍ॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर. गाव मोहोळजवळ. मल्लिनाथ अक्कलकोटकडचा, घरी कानडी, आमच्याशी मराठी. पोस्ट वर, बर्फात. खाली हिल स्टेशन, तुम्ही मे महिन्यात पोरंबाळं घेऊन जाता तसलंच. रोजचं काम ठरलेलं. पाचला इंजिन गरम करायचं, टायरला चेन लावायची, रेशन वर, डाक खाली.

त्या दिवशी मल्लिनाथच्या फुफ्फुसात पाणी झालं. ढग दाट, हेलिकॉप्टर येणार नव्हतं. डॉक्टरसाहेब एवढंच बोलले, "नीचे ले जाओ. फौरन." सात दहाला निघालो. मागे त्याच्याजवळ नर्सिंग असिस्टंट हवालदार नेगी. ऑक्सिजनचा सिलिंडर एकच, जेमतेम नऊपर्यंतचा.

आठ पंचवीसला शेवटचं वळण. तिथून हॉस्पिटल दोन किलोमीटर. दोन्ही कडांना गाड्या, मधोमध आडवी एक टेम्पो ट्रॅव्हलर. नंबर एमएच १३, आपल्या सोलापूरचा. ड्रायव्हर चावी घेऊन बर्फात गेलेला. गाडी गिअरमध्ये, लोटूनही हलेना.

सायरन चालूच होता. मी मराठीत ओरडलो, "काका, गाडी काढा! आत पेशंट हाय!"

तिथंच चुकलं. भाड्याचा फरकोट घातलेले काका खूश झाले. "अय दाजी, ह्यो आपल्याकडचा हाय की! कुटला रं तू?"

"मोहोळ. ड्रायव्हर कुटं हाय?"

"यील की, ह्यो काय आलाच. मोहोळचा जवान, तसाच जाऊ देतो व्हय? वैनी, शेंगाचटणी काढा!"

पंधरा-वीस जण गोळा झाले. एक बाई पाया पडायला वाकली. जयजयकार झाला. मोबाइल निघाले.

गाडीतला वायरलेस सेट वाजला. "लोकेशन?"

"शेवटचं वळण. रोड ब्लॉक. ओव्हर."

"रीझन?"

"टूरिस्ट. ओव्हर."

मी मागचं दार उघडलं. मल्लिनाथनं मास्क बाजूला केला. "आपल्याकडचे हायेत काय रे?"

"व्हय."

"मग सोडतील की."

ड्रायव्हर नऊला आला. हसत आला. सिलिंडर त्याआधीच संपला होता. नऊ दहाला, हॉस्पिटलच्या फाटकात, नेगींनी नाडीवरचा हात काढला.

मल्लिनाथच्या घरी निरोप पोचायच्या आधी आमच्या गावच्या ग्रुपवर माझा फोटो पोचला. 'आपला जवान, आपला अभिमान.' हातात चटणीचा डबा, मागं अ‍ॅम्ब्युलन्सचं बंद दार. त्या दाराआड मल्लिनाथ आहे. त्याचं नाव फोटोखाली कुणी लिहिलं नाही, म्हणून इथं लिहितो : नायक मल्लिनाथ. वय बत्तीस. शेवटपर्यंत त्याचा तुमच्यावर विश्वास होता.

यंदा बर्फ बघायला जाणार ना? मग गाडी रस्त्यात लावू नका. चावीसकट एक माणूस गाडीत बसवा. त्याला बर्फ बघायला मिळाला नाही तरी चालेल.